कैचीकाकांची पावलं

कैचीकाकांना हे नाव पडलं ते त्यांच्या एका खोडीमुळे. केस कापताना दोन कापांच्या मधल्या वेळातही त्यांची कैची हवेत चालूच असायची, कचकच, कचकच. हाताची लय सुटू नये म्हणून उमेदवारीत लागलेली ही सवय. आता त्या आवाजाशिवाय गिऱ्हाइकांना केस कापल्यासारखंच वाटत नसे. काही बहाद्दर तर त्या तालावर खुर्चीतच घोरायला लागत.

बायको गेली आणि ती कैची थांबली. काका दुकानाचं शटर ओढून घरी बसले ते बसलेच. एकुलती एक लेक दूरच्या शहरात नोकरीला. ती रोज संध्याकाळी फोन करी. जेवलात का, गोळी घेतलीत का, जरा पाय मोकळे केलेत का? काका प्रत्येक प्रश्नावर खेकसत. फोन ठेवल्यावर दोघांनाही वाईट वाटे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी ती रजा काढून आली, दुकान झाडून-पुसून उघडून दिलं आणि जाताना बापाच्या मनगटावर पावलं मोजणारा पट्टा बांधून गेली. डाव्या मनगटावर बायकोने हौसेने घेतलेलं घड्याळ होतं. ते उतरवायचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही, म्हणून पट्टा उजव्या हातात गेला. त्यावरचा आकडा लेकीला तिच्या फोनवर दिसणार होता.

असले पट्टे काकांनी खुर्चीत बसणाऱ्या पुष्कळ हातांवर पाहिले होते. डॉक्टरने दम भरला की माणूस पट्टा घेतो, चार दिवस मिरवतो, मग कधीतरी चार्जिंग संपतं आणि पट्टा कपाटात जाऊन पडतो तो कायमचा. ज्याच्यामागे दुसरं कुणी असतं त्याचाच काय तो टिकतो. टपालवाल्याचा टिकला होता, कारण त्याची मेव्हण्याशी चुरस लागली होती. आपलाही लवकरच कपाटात जाणार असं काका धरून चालले होते.

पण पहिल्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला तो हसत. केवढं चाललात बाबा, म्हणून तिने कौतुक केलं. काका चपापले. घर आणि दुकान यांच्यामध्ये एक गल्ली तेवढी होती. पण पोरगी कितीतरी दिवसांनी हसली होती, म्हणून त्यांनी आलो जरा फिरून असं ठोकून दिलं. त्या दिवसापासून फोनवरची भांडणं संपली. आकड्याचं कौतुक झालं की ती आपल्या ऑफिसातल्या गमती सांगे, आणि काका गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवत.

बिंग फोडलं टपालवाल्याने. एका दुपारी त्याच्या डोक्याला मालिश करताना काकांच्या मनगटावरचा पट्टा थरथरला आणि दिवसाची पावलं पुरी झाल्याचं झगमगतं अभिनंदन त्यावर उमटलं. टपालवाल्याने मान वळवून ते पाहिलं, मग स्वतःच्या पट्ट्याकडे पाहिलं.

"काका, मी सकाळपासून अख्खी वस्ती पालथी घातली. तुम्ही या खुर्चीभोवती फिरून माझ्या पुढे कसे गेलात?"

दोघांनी शहानिशा केली. काकांनी जागच्या जागी उभं राहून कैची-कंगवा चालवला, आणि आकडा मुकाट्याने वर सरकत गेला. टपालवाला पोट धरून हसला. मेव्हण्याला हरवायला मलाही एक कैची द्या म्हणाला. काकाही हसले, पण कैची-कंगवा त्यांनी हळूच खाली ठेवला.

लेकीला सांगावं तर इतके दिवस मारलेल्या थापा उघड्या पडणार. पट्टा काढून ठेवावा तर पुन्हा ते प्रश्न आणि पुन्हा ते खेकसणं. खरं म्हणजे काकांना स्वतःच्या तब्येतीची काडीची फिकीर नव्हती. त्यांना तो फोन हवा होता. म्हणून ते गप्प बसले, आणि कैची हवेत जरा जास्तच चालू लागली.

पुढे लेक सुट्टीला आली. सोमवार होता, दुकान बंद. चहा झाल्याझाल्या तिने चपला घातल्या आणि म्हणाली, "चला, तुमच्या रोजच्या रस्त्याने फिरून येऊ."

काकांना रोजचा रस्ता होता कुठे? गल्लीच्या तोंडाशी आल्यावर डावीकडे वळावं की उजवीकडे, इथूनच अडलं. उगाच उजवीकडे वळले तर चढ लागला, आणि अर्ध्या चढावर भाता फुलावा तशी छाती फुलली. समोर एक बाक होता, त्यावर ते मटकन बसले. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. घाम पुसत त्यांनी सगळं सांगून टाकलं. कैची, मालिश, थापा, सगळं. सांगताना लेकीकडे बघायचा धीर झाला नाही.

ती शांतपणे म्हणाली, "मला माहीत आहे बाबा. सोमवारी तुमचा आकडा झोपलेला असतो. आणि रोज दुकान उघडायच्या वेळेलाच कसा उठतो?"

"मग बोलली का नाहीस?"

"आई गेल्यावर तुम्ही उठलात की नाही, हे मला शेजारच्या काकूंना विचारावं लागायचं. आता सकाळी आकडा हलला की कळतं, बाबांच्या हातात कैची आली. मग मी माझ्या कामाला लागते."

आपल्यावर पाळत आहे असं ते समजत होते. रोज सकाळी एक जीव आपल्या कैचीची वाट बघत ताटकळतो, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. चढ उतरताना त्यांनी लेकीचा हात धरला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

ती परत गेली. पुढच्या सोमवारी सकाळी काका उजवीकडे वळले. चढावर दोनदा थांबले आणि बाकापाशी पोहोचून टेकतात न टेकतात तोच फोन वाजला. लेकीच्या आवाजात काळजी होती.

"बाबा, आज सोमवार ना? दुकान कसं उघडलंत?"

"दुकान बंद आहे," काका धापा टाकत म्हणाले. "कैची घरी आहे."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि तिने विचारलं, "पाणी घेतलंय ना बरोबर?"

काका खेकसले नाहीत. उद्यापासून घेईन म्हणाले.