बाबा उठवतात तिथे

परळच्या ऑफिसात डबा खाताना मी लोकांचा भूगोल तपासायचे. वाईट खोड होती. एका नव्या मुलीने सिक्कीमला जायला पासपोर्ट लागतो का, असं विचारलं, तर मी भर टेबलावर तिची इतकी फिरकी घेतली की बिचारी दोन दिवस डबा घेऊन दुसरीकडे बसली. आमचे साहेब जन्माने गिरगावकर. शीव ओलांडली की त्यांच्या लेखी मुंबई संपली, मग मुलुंड आधी की भांडुप याच्याशी त्यांना काय करायचंय! आमच्या लालबागच्या शेजारणीचा मुलगा मस्कतला नोकरीला आहे आणि मस्कत दुबईतच येतं, जरा आतल्या बाजूला, असं ती सगळ्यांना ठामपणे सांगते. मी हे किस्से जमवायचे, तिखटमीठ लावून सांगायचे. शाळेत नकाशा भरताना माझा एक मार्क कधी गेला नाही, त्याचा माज होता, दुसरं काय.

माझा स्वतःचा घोटाळा मात्र मी कुणाला सांगत नसे. मे महिना आला की आमची अख्खी चाळ ‘गावाक’ जायची. गावाचं नाव कुणी घ्यायचं नाही. गाव म्हणजे गाव. त्यामुळे सात-आठ वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं, सगळ्यांचं गाव एकच. एका सुट्टीत वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला मी रोज विहिरीवर शोधत होते. ती काही दिसली नाही. जूनमध्ये चाळीत भेटली तेव्हा मी तिच्याशी कडाकडा भांडले. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, “अगं, मी रोज विहिरीवर होते.”

मोठी झाले तरी माझी अक्कल तेवढीच राहिली. तिकीट बाबा काढायचे, बॅगा बाबा उचलायचे, मी एसटीत बसले की झोपायचे. पहाटे ते खांदा हलवायचे, मी उतरायचे. बाबा कामाला होते ती गिरणी बंद पडल्यावर काही वर्षांनी ते गावीच जाऊन राहिले. आई गेल्यापासून मी गावी गेलेच नाही. मुलांच्या परीक्षा, ऑफिस, हे आणि ते. वर्षातून एकदा बाबाच लालबागला येऊन जायचे.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी, डबे नुकतेच बंद केले होते, गावच्या शेजारच्या काकीचा फोन आला. काकीला कमी ऐकू येतं, तिचा फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे ती ओरडूनच बोलते. “बापूस तुझो पडवीत पडलो गो. तोंड वाकडा झाला. बोलूक येना नाय.” वाडीत सगळी म्हातारी माणसं, गाडी कुणाकडे नाही. मी म्हटलं, घाबरू नकोस, मी इथून बघते.

आणि बघितलंच की! फोनवरच्या नकाशात गावाचं नाव टाकलं, जिल्हा सिंधुदुर्ग, गाव समोर आलं. जवळची ॲम्ब्युलन्स शोधली, ड्रायव्हरला लोकेशन पाठवलं. पाच मिनिटांत सगळं झालं. भोवती जमलेल्या लोकांना वाटलं, काय बाई आहे. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं.

पाऊण तासाने ड्रायव्हरचा फोन आला. “ताई, देवळापाशी उभा आहे. या नावाचं इथे कुणी नाही.”

मी त्याच्यावर तुटून पडले. नीट विचारा, तिथेच आहे घर, माणूस मरायला टेकलाय आणि तुम्ही काय देवळापाशी उभे राहता? तो माणूस शांत होता. तो म्हणाला, “ताई, या नावाची दोन गावं आहेत जिल्ह्यात. तुमचा तालुका कुठला?”

मला तालुका माहीत नव्हता.

सिक्कीमवाली मुलगी शेजारी उभी होती. तिने हळूच विचारलं, “मॅडम, तुम्ही एसटीने कुठे उतरता?”

मी म्हटलं, “बाबा उठवतात तिथे.”

कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी काकीला फोन लावला, तालुका विचारला. “तालुको? आमी बाजाराक जातंव, थंयच तालुको.” मी किंचाळले, “अगं पण कुठल्या बाजाराला?” तिने एकदाचं नाव सांगितलं. ते ड्रायव्हरला कळवलं तेव्हा तो म्हणाला, इथून दीड तास लागेल, त्यापेक्षा त्या बाजारातल्या गाडीचा नंबर देतो. मी इतकं बोलूनही त्याने दिला. गाडी वीस मिनिटांत पोचली. बाजार वीस मिनिटांवर होता.

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा डॉक्टर सहज बोलून गेले, तासभर आधी आणलं असतं तर हात वाचला असता. तो तास कुठे गेला हे मी एकटीच जाणून होते, निदान मला तसं वाटत होतं.

आता बाबा लालबागला माझ्याकडेच आहेत. बोलणं जड आहे, पण सवयीने कळतं. उजवा हात तसाच आहे. मी रोज रात्री त्याला तेल लावते. ऑफिसात कुणाचा भूगोल काढत नाही. गेल्या महिन्यात तेल लावता लावता माझा बांध फुटला आणि मी त्यांना सगळं सांगून टाकलं. नकाशा, देऊळ, दुसरं गाव.

बाबा एकेक शब्द सुटा करत म्हणाले, “माका म्हायत आसा. काकीचो फोन माझ्या उशाकच होतो. तू तालुको विचारी होतंस, ता मी आयकत होतंय.”

मी हात चोळायची थांबले.

“नाव तोंडात होता,” ते म्हणाले. “जीभ वळाक नाय.”

मग त्यांनी डाव्या हाताने माझा खांदा हलवला, एसटीत हलवायचे तसा, आणि म्हणाले, तेल थंड होतंय.