पॅसेजमधली पाल

अण्णांनी त्या महिन्यात तिसऱ्यांदा दूध जाळलं, आणि मी धुराचा अलार्म मागवला.

अण्णा म्हणजे माझे वडील. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं. आई गेल्यावर उलव्याला माझ्याकडे राहायला आले. घरात आम्ही दोघंच. मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. सकाळी आठला निघते, संध्याकाळी सातला परत येते. मधल्या वेळात घरात अण्णा, गॅस आणि दुधाचं पातेलं. त्यातल्या कोणावरच माझा भरवसा उरला नव्हता.

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. करपलेलं पातेलं घासताना मी जे बोलले ते इथे लिहिणार नाही. अण्णा खुर्चीत बसून निमूट ऐकत होते. ज्या माणसाच्या एका खाकरण्यानं अख्खा वर्ग गप्प व्हायचा, तो माणूस माझ्यापुढे मान खाली घालून बसला होता, आणि मला त्याचाही राग आला.

दिवाळीनंतर हे सुरू झालं होतं. आंघोळ करून आले की डोकं धरून बसायचे. घेरी येते म्हणायचे, मळमळतं म्हणायचे. मग दूध तापत ठेवायचे आणि विसरून जायचे. एका रविवारी मला आईच्या नावानं हाक मारली, आणि चूक लक्षात आल्यावर इतके ओशाळले की दिवसभर बोलले नाहीत. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलून दिली. वय झालं की चालायचंच, म्हणाले.

पण मला खरी धास्ती भरली ती पाढ्यामुळे. अण्णांची जुनी सवय, आंघोळ करताना एकोणतीसचा पाढा मोठ्यानं म्हणायचा. ज्याला एकोणतीसचा पाढा येतो त्याचं डोकं जागेवर आहे, असं ते मुलांना सांगायचे. लहानपणी आम्हा दोघा भावंडांना तो पाढा न म्हणता जेवण मिळत नसे. आता रविवारी मी स्वयंपाकघरातून ऐकायची. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, एकोणतीस चोक सोळोत्तरशे, आणि मग गाडी अडायची. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चोकावर अडायची. गणिताच्या मास्तरांना पाढा आठवत नाही म्हटल्यावर आणखी काय पुरावा हवा होता?

भाऊ पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, “तू एकटी किती बघणार? उद्या आग लागली म्हणजे?” पनवेलच्या पुढे एक चांगला वृद्धाश्रम आहे, त्याचा फॉर्म त्यानं कुरिअरनं पाठवला. मी तो टेबलाच्या खणात, लाइट बिलांच्या खाली ठेवून दिला. अण्णांना कसं सांगायचं ते सुचत नव्हतं. तोवर निदान आग तरी लागू नये, म्हणून हा अलार्म. धूर आणि कार्बन मोनॉक्साइड, दोन्ही ओळखणारा. मला हवा होता फक्त धुराचा. दुसरं काय ते मी वाचलंसुद्धा नाही.

शनिवारी सोसायटीचा इलेक्ट्रिशियन आला. इथल्याच जुन्या गावातला, आगरी माणूस. मी त्याला गॅसच्या बरोबर वर बोट दाखवलं.

“ताई, इथं लावलात तं रोज बोंबलंल,” तो म्हणाला. “फोरनी दिली का झाला सुरू. मंग तुमीच वैतागून कारून टाकाल. पॅसेजमदे लावू, बाहेर.”

“दूध इथे जळतं.”

“धूर काय एके जागी बसतो का, ताई? तो येतो बराबर.”

मी कटकट केली, पण त्यानं ऐकलं नाही. स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्यामधल्या चिंचोळ्या पॅसेजमध्ये, छताला, दोन स्क्रूवर ती पांढरी चकती बसली. मधोमध एक लाल ठिपका, मिनिटामिनिटाला लुकलुकणारा.

अण्णा खुर्चीतून सगळं बघत होते. माणूस गेल्यावर म्हणाले, “बाई, तुझ्या मनातली शंकेची पाल शेवटी छताला चिकटवलीस म्हणायची.”

“सुरक्षेसाठी आहे, अण्णा. सगळ्यांच्या.”

“मला कळत नाही असं समजू नको. माझ्यावर पाळत ठेवायला आणलीस.”

खोटं बोलायला मला जमत नाही आणि खरं बोलायची हिंमत नव्हती.

त्या दिवसापासून घरात त्या वस्तूचं नाव पाल पडलं. आणि गंमत म्हणजे ती खरोखरच चुकचुकायला लागली. आतली बॅटरी आधीच उतरलेली असावी, दर थोड्या वेळानं एकदा बारीक ‘चुक्’ करायची. एका संध्याकाळी मी अण्णांना पुन्हा दुधावरून बोलत होते. ते म्हणाले, “माझं डोकं ठिकाणावर आहे, बाई. सकाळी तेवढं जड होतं, बस्स.” आणि नेमकं त्याच क्षणी वरून आवाज आला, चुक्.

अण्णांनी बोट वर केलं. “सत्य आहे बघ. पाल चुकचुकली.”

“तुम्ही शुभशकुन कधीपासून मानायला लागलात?”

“मानत नाही. पण साक्षीदार आपल्या बाजूचा निघाला तर त्याला हाकलायचं कशाला?”

खूप दिवसांनी आम्ही दोघं हसलो. त्या हसण्यात त्यांचं वाक्य वाहून गेलं. सकाळी तेवढं जड होतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. दुपारी पुण्याला फोन लावून नातवाची गणितं ते तोंडी सोडवून देत होते, हेही मला ठाऊक होतं. पण एकदा माणूस म्हातारा ठरवला की त्याच्याबद्दल विचार करायचं आपण थांबवतो. मी थांबवलं होतं.

अलार्मसोबत आलेली इंग्रजी पुस्तिका मी खोक्यातच टाकली होती. अण्णांनी ती काढली, डिक्शनरी घेऊन वाचली आणि फळ्यावर लिहावं तशा टपोऱ्या अक्षरात कागदावर उतरवून फ्रिजला लावली:

‘तीन हाका, थांबा, तीन हाका = धूर.
चार हाका, थांबा, चार हाका = विषारी वायू. रंग नाही. वास नाही. आधी माणसं बाहेर.’

“विषारी वायू काय आपल्याकडे?” मी म्हटलं. “इथे कारखाना आहे का?”

“अभ्यासक्रमात आहे म्हटल्यावर वाचायला हवं,” अण्णा म्हणाले.

त्या आठवड्यात शुक्रवारी ते बाथरूममध्ये तोल जाऊन भिंतीवर आदळले. कपाळाला टेंगूळ आलं. संध्याकाळी ते बघून माझा जीव खालीवर झाला, आणि जीव खालीवर झाला की मी ओरडते. शनिवारी इलेक्ट्रिशियन नवी बॅटरी घालायला आला तेव्हा त्याच्याकडूनच बाथरूमची कडी काढून घेतली. उद्यापासून दार लोटायचं, पण फट ठेवायची, असा हुकूम सोडला. अण्णा एवढंच म्हणाले, “बरं.” ते ‘बरं’ मला अजून ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी कांदेपोहे करत होते. अण्णा आंघोळीला गेले होते. त्यांना कढत पाणी लागतं, दोन बादल्या, नळ चालू ठेवून, सावकाश. गॅसचा गिझर आधीच्या मालकानं बाथरूमच्या आतच बसवून ठेवलेला. मी स्वतः घाईची, बादली भरली की गिझर बंद आणि पाच मिनिटांत बाहेर. पोह्यांसाठी मिरच्यांची फोडणी तडतडली. आतून पाढा ऐकू येत होता. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. एकोणतीस चोक.

आणि पाल किंचाळली.

कानठळ्या बसाव्यात असा आवाज. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली, टॉवेल घेऊन पॅसेजमध्ये गेले आणि छताकडे बघत तो झटकायला लागले. “झालं, कळलं, फोडणी आहे, गप्प बस!” असं मी त्या चकतीवर चक्क ओरडत होते. ती गप्प बसेना. फोडणीचा खाट केव्हाच गेला होता. टॉवेल हातात घेऊन मी उभी राहिले आणि समोर फ्रिजवरचं ते टपोरं अक्षर दिसलं.

मी मोजलं. एक, दोन, तीन, चार. थांबा. एक, दोन, तीन, चार.

पाढा बंद झाला होता.

मी दार ढकललं. अण्णा स्टुलावर बसले होते, पंचा नेसलेले, डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे अर्धवट मिटलेले. नळ चालू, वर गिझरची निळी ज्योत चालू. मी नळ आणि गिझर बंद केला आणि त्यांच्या काखेत हात घातला. “उठा, अण्णा, बाहेर चला!” ते म्हणाले, “काय करायलीस, बाई? पाढा व्हायचाय.” मी त्यांना ओढतच बाहेर आणलं, दाराबाहेर, जिन्याच्या उघड्या खिडकीपाशी, पायरीवर बसवलं. मी धड रडतही नव्हते, नुसती “श्वास घ्या, श्वास घ्या” म्हणत होते. शेजारच्या वहिनींनी चादर आणून त्यांच्या अंगावर टाकली आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला. रक्त तपासलं. तरुण डॉक्टरीण होती. तिनं आधी विचारलं, “आंघोळीला गॅस गिझर आहे का? बाथरूमला खिडकी?”

“आहे,” मी म्हटलं, “खिडकी आहे,” आणि मला दिवाळीतलं प्लास्टिक आठवलं.

शेजारच्या प्लॉटवर टॉवर उठतोय. उलव्यात कुठल्याही दिशेला बघितलं तरी एक टॉवर उठतच असतो. दिवाळीत घर पुसून पुसून कंटाळले, शिवाय धुळीनं अण्णांना खोकला यायचा, म्हणून बाथरूमच्या खिडकीच्या काचांच्या पट्ट्यांवर मी स्वतः जाड प्लास्टिक लावलं होतं. चारी बाजूंनी टेप. एक फट सोडली नव्हती. किती नीटनेटकं काम झालं म्हणून स्वतःवर खूशही झाले होते.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. बंद जागेत गिझरची ज्योत नीट जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. रोज थोडा थोडा अंगात जातो. डोकं जड, घेरी, मळमळ, विसराळूपणा. आज तो दाराच्या फटीतून अलार्मपर्यंत पोचला म्हणून कळलं.

“म्हणजे त्यांचं डोकं?” मी विचारलं.

“दिवसभर बरे असतात ना? मग आधी हे बंद करा. महिन्याभरानं पुन्हा बघू. मला फारशी काळजी वाटत नाही.”

मी बाहेरच्या लाकडी बाकावर बसले आणि ढसाढसा रडले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. अण्णा म्हातारे झाले होते, पण तेवढेच, वयाइतकेच. चोर सोडून मी संन्याशाला सुळी द्यायला निघाले होते, आणि चोर मीच टेप लावून घरात कोंडून ठेवला होता.

घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल तर ते प्लास्टिक ओरबाडून काढलं. दोन नखं तुटली. इलेक्ट्रिशियननं गॅसचा गिझर उतरवला आणि कपाळाला हात लावला. “आतमदे कोनी लावला ह्यो? वर खिरकीपन बंद? ताई, नशीब समजा तुमचा.” त्याच्या जागी विजेचा गिझर लागला. कडी पुन्हा बसवली. आता बाथरूममध्ये धूळ येते. येऊ दे.

महिन्याभरानं एका रविवारी मी पोहे करत होते. आतून पाढा चालू होता. एकोणतीस चोक सोळोत्तरशे. मी कालथा हातात धरून थांबले. एकोणतीस पाचा पंचेचाळासे, आणि पुढे न अडखळता थेट दाहे दोनशे नव्वदपर्यंत. वर पालीचा लाल ठिपका शांतपणे लुकलुकत होता.

मी तशीच खोलीत गेले आणि खणातून तो फॉर्म काढला. अण्णा बाहेर यायच्या आत फाडून टाकायचा होता. पण कागद उलटला गेला, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ते टपोरं अक्षर दिसलं.

एकोणतीसचा पाढा. एकदा नव्हे, पाच-सहा वेळा लिहिलेला, एकाखाली एक. ओळी वाकड्या, आकडे खोडलेले, पुन्हा लिहिलेले. आणि प्रत्येक पाढ्यापुढे मास्तरांच्या लाल पेनानं स्वतःच स्वतःला दिलेले गुण. दहापैकी चार. दहापैकी पाच. पुन्हा दहापैकी चार.

अण्णा अंग पुसत दारात उभे होते.

“तुम्ही हा बघितला होता?” मी कागद त्यांच्यापुढे धरला.

“लाइट बिल शोधत होतो तेव्हा सापडला.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलून काय करणार? परीक्षा आहे म्हटल्यावर अभ्यास करायला लागलो.”

मी त्यांच्या पाया पडले. एरवी आम्ही दोघंही असलं काही करत नाही. त्यांनी डोक्यावर ओला हात ठेवला आणि म्हणाले, “ऊठ. पोहे लागतील खाली.” मी फॉर्म फाडायला घेतला, तसा त्यांनी माझा हात धरला.

“थांब. खाली जागा आहे अजून.”

ते टेबलाशी बसले आणि उरलेल्या जागेत एकदाच, न खोडता, दाहेपर्यंत पाढा लिहिला. मग कागद माझ्याकडे सरकवला आणि लाल पेन पुढे केलं. मी एकेक ओळ बोटानं तपासली, आकडे डोळ्यांपुढे पोहत होते, आणि दहापैकी दहा लिहून खाली सही केली.