नॉर्मलचे पेढे

शोभा पागेच्या डोक्याला काहीही झालेलं नाही, ही बातमी शोभाच्या आधी उज्जैनच्या अख्ख्या फ्रीगंज वस्तीला कळली. देवास गेटजवळ टेम्पोनं तिच्या लुनाला धक्का दिला, ती डोक्यावर पडली आणि क्षणभर शुद्ध हरपली. दोन दिवस उलट्या थांबेनात, म्हणून तिला इंदूरला नेलं. तिथल्या स्कॅन सेंटरात ती बाकावर डोळे मिटून बसली होती. तिचे सासरे भय्यासाहेब 'नॉर्मल' एवढा एक शब्द ऐकून समोरच्या एसटीडी बूथकडे पळाले होते.

आत डॉक्टर तिच्या नवऱ्याला, जयंतला, पुढचं सांगत होते. या तपासणीत रक्तस्राव दिसतो, हाड मोडलं असेल तर तेही दिसतं, पण सगळंच दिसतं असं नाही. डोकेदुखी, चक्कर, विसरणं बरेच महिने राहू शकेल, आराम हवा. जयंत मान डोलावत होता. जीव भांड्यात पडलेल्या माणसाला पुढचं काही ऐकू येत नाही, त्यालाही आलं नाही.

उज्जैनात माईंनी, म्हणजे सासूबाईंनी, नवस बोलला होता आणि नवस फेडायला उशीर करायचा नाही, हा त्यांचा दंडक. फोन ठेवला तशी टावर चौकातल्या हलवायाकडे पेढ्यांची ऑर्डर गेली. शोभा घरी येऊन अंथरुणाला टेकते न टेकते तोच पेढे गल्लीत, जयंतच्या बँकेत आणि ती जिथे दहावीला गणित शिकवायची त्या मुलींच्या शाळेतसुद्धा वाटून झाले होते. सून बरी झाल्याचे पेढे लोकांनी खाल्ले. आता त्या सुनेनं आजारी राहायचं कसं?

आणि ती आजारी होती. उजेड डोळ्यांत खुपायचा, कुकरच्या शिट्टीनं डोकं फुटायला यायचं, बोलता बोलता शब्द हातचा निसटायचा. भेटायला येणाऱ्यांना मात्र तिच्याकडे बघायचं नव्हतं, स्कॅनची फिल्म बघायची होती. भय्यासाहेब मोठ्या हौसेनं खिडकी सताड उघडायचे आणि ती काळी फिल्म उजेडासमोर धरायचे. "पूर्वी याच्यासाठी मुंबई गाठावी लागायची. आता इंदूरला मशीन आलंय. बघा, एकदम साफ!" ज्यांना मेंदू कुठला आणि कवटी कुठली हे कळत नव्हतं, तेही गंभीर चेहऱ्यानं "साफ आहे" म्हणायचे. ऊन थेट शोभाच्या तोंडावर यायचं. ती कूस बदलायची आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालायची.

रजा संपल्यावर ती शाळेत गेली. फळ्यावर प्रमेय लिहायला घेतलं, आकृती काढली, आणि पुढची पायरी आलीच नाही. पंधरा वर्षं शिकवलेलं प्रमेय. मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. ती खुर्चीत बसली ती तास संपेपर्यंत उठली नाही. स्टाफरूममध्ये एक बाई गोड हसून म्हणाल्या, "पागे मैडम, पेढे तो खा लिए हमने, अब क्या हुआ?"

तिनं दोन महिन्यांची रजा मागितली. अर्ज हातात पडल्यावर मुख्याध्यापिका व्यास मॅडम स्वतः घरी आल्या. शोभाला वाटलं, आता कोणीतरी विचारेल. पण मॅडम टेकल्याही नव्हत्या, तोवर भय्यासाहेबांनी खिडकी उघडली.

"देखिए, सब नॉर्मल है. थोडा वीकनेस है, बस."

"रिपोर्ट नॉर्मल है तो मैं ऊपर दफ़्तर को क्या लिखूँ?" मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कळवळा होता, हेच जास्त लागलं. "शोभा, तुम बताओ, तकलीफ क्या है?"

किती दिवसांनी कुणीतरी तिला विचारत होतं. तिनं तोंड उघडलं. डोक्यात सगळं तयार होतं, आणि नेमका शब्द सापडेना. मॅडम थांबल्या. जयंत थांबला. भय्यासाहेबांना थांबणं जमत नाही.

"काही नाही हो, तिला नुसती धास्ती बसलीय," ते म्हणाले. "सोमवारपासून येईल ती."

"आणि येऊ दे बाई," माई म्हणाल्या. "एवढे पेढे वाटलेत. लोक काय म्हणतील?"

शोभा उठली. भिंतीला धरून खिडकीपाशी गेली, दोन्ही दारं लावली आणि सासऱ्यांच्या हातातून फिल्म काढून घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्यांच्या हातातून काही ओढून घेत होती.

"भय्यासाहेब," ती म्हणाली, आणि आता शब्द आले, एकेक करून, "ही साफ आहे ना? मग सोमवारी वर्गावर हिलाच पाठवा."

फिल्म तिनं व्यास मॅडमच्या मांडीवर ठेवली आणि परत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.