काडतूस न उघडलेल्यांचा बुलेट पुलर विभाग

ऑफिसातले किस्से एकेकटे येत नाहीत. एक सांगायला घ्यावा, तर दुसरा म्हणतो, आधी मी! पूर्वी संध्याकाळी घरी गेल्या गेल्या नवऱ्याला, सुधीरला सांगून मी मोकळी व्हायचे. तो गेल्यापासून ते साठत राहतात आणि रविवारी पासिर रिस भागात मिलिंद कांबळेच्या घरी चहाबरोबर बाहेर पडतात.

मिलिंद आमचा इंजिनिअर, मी मॅन्युअल लिहिणारी आणि मिस्टर टॅन आमचे साहेब. एवढाच विभाग. काम ऐकाल तर हसाल. अमेरिकेत हौशी नेमबाज घरच्या घरी काडतुसं भरतात. आत दारू कमीजास्त पडली, तर ते काडतूस न उडवता उघडावं लागतं. त्यातली गोळी ओढून काढणारं अवजार म्हणजे बुलेट पुलर. तो कसा निवडायचा, कसा वापरायचा, हे त्यांना फोनवर आम्ही सांगतो. कुठून? तर सिंगापूरहून! जिथं खिशात एक काडतूस सापडलं, तर आधी वकील शोधावा लागेल!

मिलिंदनं आणि मी खरं काडतूस कधी पाहिलेलंही नाही. टॅननी सक्तीच्या लष्करी सेवेत पाहिलं होतं. पण तिथं ते उडवायला शिकवतात, उघडायला नाही.

हसण्यावारी न नेण्यासारखी गोष्ट एकच. आमचं सांगणं चुकलं, तर तिकडे कुणाचा तरी डोळा जाईल.

*

सरावासाठी आमच्याकडे प्लॅस्टिकची नकली काडतुसं आहेत. पण हातोडा पुलरमध्ये, म्हणजे काडतूस डोक्यात बसवून ठोकायच्या हातोड्यात, गोळीबरोबर दारूही बाहेर पडते. ती नीट पडते की नाही, हे बघायला आत काहीतरी भरायला हवं.

‘खसखस!’ मिलिंद म्हणाला. ‘ताई, दाणा अगदी तसाच.’

दुपारी तो लिटिल इंडियात गेला. तिथल्या किराणा दुकानातल्या अण्णांनी त्याला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, खसखशीलाही या देशात बंदी आहे.

मिलिंद परत आला तो घाम पुसत. ‘दारू चालत नाही म्हणून खसखस, तर तीही चालत नाही! माणसानं सराव करायचा कशावर?’

शेवटी राजगिरा आणला. एकादशीला टॅननी मला विचारलं, ‘आज तुझा उपास ना? मग सराव उद्या करू. तुझं जेवण वाया नको.’

*

एका गिऱ्हाइकाला मिलिंदनं सांगितलं, हातोडा कडक पृष्ठभागावर मारा. गृहस्थांनी तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर मारला. संगमरवराला तडा!

फोन बायकोचा. ‘हातोडा तुमचा असेल, ओटा माझा आहे!’

मिलिंदनं माफी मागितली आणि सांगितलं, जाड, टणक लाकूड घ्यायला सांगा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाईंचा फोन. नवऱ्यानं बाईंच्या आईचा पोळपाटासारखा जाड पाट घेतला होता!

तेव्हापासून मॅन्युअलमध्ये मी एक वाक्य घातलंय: ‘लाकडाचा ठोकळा स्वतःचा असावा.’

*

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मिलिंदला सकाळी फोन आला. डबा खचाखच भरलेला. क्लेमेंटी स्टेशनापासून पुढे हा आपला शांतपणे इंग्रजीत समजावतोय, ‘बुलेट अडकलीय? घाबरू नका. जोरात नको. डोकं घट्ट आवळलंय ना? मग हळूहळू ठोका.’

शेजारची आंटी उठली. तिच्या पलीकडचे अंकलही उठले.

ऑफिसात आल्यावर म्हणाला, ‘ताई, गर्दीत सीट हवी असली तर मला बरोबर घेत जा!’

*

टेक्सासच्या एका माणसानं विचारलं, कुठला पुलर घेऊ? मिलिंदनं छान समजावलं. अधूनमधून चारदोन काडतुसं उघडायची असतील, तर हातोडा. ढीगभर असतील, तर काडतुसं भरायच्या प्रेसवर बसवायचा, गोळीला चिमट्यासारखा धरणारा. पण त्यात गोळीच्या मापाप्रमाणे चिमटा बदलावा लागतो.

‘तुझ्याकडे कुठला आहे?’

‘एकही नाही.’

‘एकही नाही? मग तुला कसं कळतं रे?’

‘माझ्या आत्यानं सगळ्या नात्यातली लग्नं जुळवली,’ मिलिंद म्हणाला. ‘स्वतः बिनलग्नाची. एकही मोडलं नाही!’

माणसानं दोन्ही पुलर घेतले.

*

काही बारक्या काडतुसांचा ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या कडेत असतो. ती हातोड्यात घालायचीच नाहीत, ठोक्यानं उडू शकतात. हे एकाला सांगत होते, तर मधेच तो म्हणाला,

‘मॅडम, ते मी घातलंय. हात वर आहे.’

मी उठूनच उभी राहिले. ‘मारू नका! तसाच हळूच खाली आणा. गादीवर ठेवा. आता टोपण फिरवा, सावकाश.’

मिलिंद शेजारी श्वास रोखून उभा. बऱ्याच वेळानं आवाज आला, ‘निघालं.’

मी खुर्चीत टेकले. म्हटलं, ‘बरं झालं फोन करून विचारलंत.’

‘विचारलं कुठं? मी वॉरंटीसाठी फोन केला होता!’

*

मागच्या महिन्यात ॲरिझोनाहून एका वृद्ध गृहस्थांचा फोन आला. काडतुसं त्यांची नव्हती, बायकोची होती. ‘नेमबाज ती. मी स्वयंपाक करायचो.’ ती वारली. मागे डबाभर काडतुसं. कशात कुठली दारू, कुणालाच ठाऊक नाही.

मी म्हटलं, ‘जवळच्या बंदुकीच्या दुकानात विचारा. ते घेतील.’

‘तिनं एकेक हातानं भरलंय. उघडणार मीच.’

मग सगळं समजावलं. आसपास शेगडी, सिगारेट नको. एका वेळी एकच. डोळ्यांवर पुलरबरोबर आम्ही देतो तो सेफ्टी गॉगल. एका दणक्यात नाही, बेताच्या ठोक्यांनी. निघालेली दारू पुन्हा वापरायची नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन मिलिंदनं स्पीकरवर घेतला.

‘तुमचा गॉगल खराब आहे. आतून ओला होतो. समोरचं दिसत नाही. काढून ठेवू का? थोडीच उरलीत.’

‘अजिबात नाही!’ मिलिंद ओरडलाच. ‘एक कण उडाला तरी डोळा जाईल! हवा दमट आहे का तिकडे?’

‘ॲरिझोना आहे, बाळा. वाळवंट.’

‘घाम येतोय?’

‘एसी चालू आहे.’

‘गॉगलची हवेची भोकं बंद झालीत का?’

‘उघडी आहेत.’

‘मग ओला होतो कधी?’

‘गोळी निघाली की.’

मिलिंदनं फोनवर हात ठेवला. ‘ताई, डिफेक्ट दिसतोय. पीस बदलून देऊ या.’

मी फोन घेतला. ‘हातोडा खाली ठेवा. आता गॉगल काढा, पुसा. कॉफी घ्या. पूर्ण कोरडा झाला की परत घाला, आणि मगच पुढचं काडतूस.’

पलीकडे त्यांनी हातोडा खाली ठेवल्याचा आवाज आला.

‘कोरडा व्हायला साधारण किती वेळ लागतो?’

‘मॉडेलवर अवलंबून आहे,’ मी म्हटलं.

मिलिंद स्पेसिफिकेशन उघडून शोधायला लागला.