तळाला बसवलेलं पितळ

पडदा वर जातो. सकाळचे आठ. पुणतांब्याच्या घाटावर एक लोखंडी बोट पालथी पडली आहे आणि तिच्या तळाला कान लावून मच्छिंद्र हातोडीनं टकटक करतो आहे. पातळ झालेला पत्रा त्याला आवाजावरून कळायचा. जन्मभर नाटकं केली मी, पण असा कान देऊन ऐकणारा प्रेक्षक मला लाभला नाही.

इथल्या साऱ्या बोटी त्याच्या हातच्या. कल्याणचीही. कल्याण मजूर बायांना पलीकडच्या शेतांवर पोचवायचा आणि मच्छिंद्रला मामा म्हणायचा. इंजिन थंड ठेवायला नदीचं पाणी आत घेणारा कॉक बोटीच्या तळाला असतो, कायम पाण्यात. इंजिनवाल्यानं तो गनमेटलचा, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रणाचा, घ्यायला सांगितलंय, असं कल्याण म्हणाला, तर मच्छिंद्र हसला आणि त्यानं पितळीच बसवला. त्याच्या घरी आजीचा पितळी हंडा तीन पिढ्या पाणी भरत होता.

"पितळ हाय ते. तुझ्या नातवाच्या लग्नापत्तुर चालंल."

हंडा रोज चिंचेनं घासला जातो, रिकामा करून पालथा घातला जातो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. कॉक पाण्याबाहेर कधी आलाच नाही. पितळातलं जस्त पाण्यानं हळूहळू ओढून नेलं, मागं उरलं नुसतं ठिसूळ तांबं. चौथ्या वर्षी भर पात्रात कल्याणनं कॉक फिरवला आणि तो मुळापासून तुटून हातात आला. भोकात गोणपाट कोंबून त्यानं बायांना कसंबसं उथळ पाण्यात आणलं. त्या वाचल्या. बोट मात्र धारेला लागली आणि बंधाऱ्यावर आदळून दुमडली.

तो तुकडा मच्छिंद्रनं मला दाखवला. आतून गुलाबी, नखानं खरवडला की भुगा पडे.

नवी बोट फुकट बांधून देतो, हे सांगायला तो शिर्डीला गेला. कल्याण तिथं हॉटेलात रखवालदार झाला होता. त्यानं चहा पाजला, मामीची चौकशी केली आणि म्हणाला, "मामा, आता पान्यात जायला मन घेत न्हाई."

त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मच्छिंद्र कितीदा तरी म्हणाला. पुढं त्यानं तळाला पितळ कधी लावलं नाही.

गेल्या पौषात तो गेला. आदल्या दुपारी मी खाटेशी बसलो होतो. त्याची शेवटची बोट न्यायला वाल्मिक नावाचा नावाडी आला, पाया पडला आणि म्हणाला की तुमच्या हातची आहे, म्हणजे आता बघायलाच नको. मच्छिंद्र कोपरावर उठला.

"असं म्हनू नगं. कॉक गनमेटलचा हाय, बोल्ट बी भारी स्टीलचं हायेत. तरी दर उन्हाळ्यात बोट वर काढ, खोलून बघ. माझ्या शब्दावर मान्सं बसवू नगं."