रिजेक्टसाहेब

आमच्या बिल्डिंगमधल्या पहिल्या मजल्यावरच्या काकांना कोणी "छान" म्हटलं की राग यायचा. खरंच राग. कपाळाला आठ्या पडायच्या, चष्मा नाकावरून खाली यायचा आणि ते म्हणायचे, "छान आहे ते दिसतंय मला. खोट सांग." साठी उलटल्यावर ज्याला फोटो काढायचा नाद लागतो तो माणूस कौतुकाला हपापलेला असणार, अशी माझी समजूत होती. काकांनी ती पहिल्या महिन्यातच मोडून काढली.

नोकरी त्यांनी इंदूरमधल्याच सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात केली. तिथे पंपांचे सुटे भाग व्हायचे, आणि तयार माल पास करायचा की परत पाठवायचा हे काका ठरवायचे. पास कमी, परत जास्त. कामगारांनी त्यांचं नाव 'रिजेक्टसाहेब' पाडलं आणि ते नाव त्यांच्यामागून आमच्या कॉलनीत आलं. काकांना त्याचं काही वाटायचं नाही. "रिजेक्ट माल नुसता फेकायचा नसतो बेटा," ते मला सांगायचे, "का रिजेक्ट झाला ते त्याच्यावर लिहायचं असतं. मतलब, पुढचा नग सुधारतो."

पुण्याला असलेल्या मुलाने नवा कॅमेरा घेतला आणि जुना वडिलांना दिला, तिथून हे सगळं सुरू झालं. काकांनी शहरातल्या हौशी फोटोवाल्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये नाव घातलं आणि घरातले फोटो तिथे पाठवायला लागले. आता इंदूरचा माणूस मुळात कोणाचं मन मोडत नाही. फोटो हललेला असो, काळा आलेला असो, उत्तर ठरलेलं. "भोत बढ़िया भिया!" "गजब, साहब!" आणि खाली दहाबारा जोडलेले हात. काका वैतागून गेले. "हे काय इन्स्पेक्शन आहे? इथे सगळंच पास! असे पंप पाठवले असते तर शेतकऱ्यांनी मला विहिरीत ढकललं असतं."

मग त्यांना मी सापडले. मी वरच्या मजल्यावर राहते, विम्याच्या ऑफिसात नोकरी करते आणि माझं तोंड फटकळ आहे. माहेरीही मला कोणी मत विचारायचं नाही, कारण मी ते देते. गणपतीत काकांनी जिन्यातच मला थांबवून उकडीच्या मोदकांचा फोटो दाखवला. मी म्हटलं, "काका, मोदक झकास. पण मागचं गॅसचं सिलिंडर बाप्पांनी बरोबर आणलं का?" काकांनी फोटो बघितला, मला बघितलं, खिशातून छोटी वही काढली आणि त्यात लिहिलं, 'मागे सिलिंडर.' त्या दिवसापासून माझी सुटका नव्हती. रविवारी सकाळी बेल वाजली की समजायचं, माल तपासायला आलाय.

आणि माणूस सुधारत गेला, हे मला कबूल केलं पाहिजे. आधी सगळे चेहरे फ्लॅश मारून काढलेले असायचे. मी म्हटलं, "काका, ही माणसं चौकीत बसवलेली वाटतात." तेव्हा फ्लॅश गेला आणि खुर्ची खिडकीशी आली. ऊन चेहऱ्यावर चरचरीत पडतंय म्हटलं, तर खिडकीला जुनी पांढरी चादर चिमट्यांनी लटकली. एकदा पोह्यांचा क्लोजअप काढायचा होता. वर भुरभुरलेल्या जीरावण मसाल्याचा कण न् कण दिसला पाहिजे म्हणून इतके जवळ गेले की वाफेने भिंगच धुरकटलं. मग वाफ जाईपर्यंत थांबले. मी समोर चमचा हातात घेऊन बसलेली. "काका, मी खाऊ का?" "थांब, शेव जरा डावीकडे सरकव." ते पोहे मी थंडगार खाल्ले, पण फोटो असा आला होता की बघूनच शिंक यावी.

शेजारीपाजारी, मोलकरीण, इस्त्रीवाला, सगळ्यांचे चेहरे काकांनी त्या खिडकीशी बसवून काढले. एकच चेहरा नव्हता. काकूंचा.

काकू एका मराठी शाळेत भाषेच्या शिक्षिका होत्या. खणखणीत आवाज, स्वच्छ उच्चार. आमच्या सोसायटीची मराठी नोटीस लागली की खाली उतरून लाल पेनाने ती दुरुस्त करणार. मी हिंदी मीडियमची, त्यामुळे माझी मराठी म्हणजे त्यांच्या दृष्टीने उजाड माळरान. "मंजू, तुझी टिंबं कुठे जातात गं? बोलताना 'माझं', 'तुझं' म्हणतेस आणि लिहिताना 'माझ', 'तुझ'?" मी म्हणायची, "काकू, समजतं ना? बस झालं!" त्या कपाळाला हात लावायच्या.

अशा बाईंच्या चेहऱ्यावर, घरात कॅमेरा यायच्या आधीच, एका सकाळी लकवा आला. औषधं झाली, मशीनचे शेक झाले, तोंडाचे व्यायाम झाले. पुष्कळांचं बरं होतं म्हणे, काकूंचं अर्धंच झालं. ओठाची डावी बाजू खाली राहिली, डावा डोळा पुरता मिटेना. 'प', 'फ', 'ब', 'म' हे ओठांतले वर्ण निसटायला लागले. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे उच्चार दुरुस्त केले त्यांना हे कसं सोसणार? त्यांनी बाहेर जाणं सोडलं. लग्नमुंजी सोडल्या, भिशी सोडली. दारात कोणी आलं तर तोंडावर पदर. माझ्यासमोरसुद्धा.

काकांचं सगळं शिकणं कशासाठी चाललं होतं, ते मला एका रविवारी कळलं. वही मिटत म्हणाले, "मला एक फोटो पाहिजे बेटा. तिचा. मी पास केलेला नाही, तिने पास केलेला. आरशात बघणं सोडलंय तिने. ती म्हणते हा चेहरा माझा नाही. मग कोणाचा आहे? मी तर त्याच बाईबरोबर चहा पिऊन राहिलोय रोज." आणि लगेच खिडकीकडे बघायला लागले.  त्या दिवशी मी एकही खोट काढली नाही.

काकू फक्त हात देत. "हात घ्या, तोंड नको," असा करार होता. म्हणून काकांनी दोन वर्षं काकूंचे हात काढले. मटार सोलताना, सुईत दोरा ओवताना, लाल पेन धरलेले. ते हात इतके सुरेख यायला लागले की ग्रुपवर लोक जोडलेले हात विसरून खरंखुरं काही लिहायला लागले. मलाही खोट सापडेनाशी झाली होती.

आणि मग माझ्या हातून ती चूक झाली.

मुलाने फोनवर हट्ट धरला, "आई, एक फोटो पाठव ना. किती दिवसांत तुला नीट पाहिलं नाही." आई ती आईच. काकू खिडकीशी बसल्या, डावा गाल तळहातावर टेकवून खाली आलेला ओठ वर उचलला आणि हसल्या. काकांनी आनंदाच्या भरात फोटो काढून मुलाला पाठवला आणि मलाही. खाली नेहमीचं वाक्य, "खोट सांग." मी ऑफिसात, एका हातात पोळीचा घास. फोटो उघडला. ते हसू काकूंचं नव्हतंच, मुलाला बरं वाटावं म्हणून चिकटवलेलं होतं. मी घाईघाईने लिहिलं, 'काकूंच हसण खोट आहे.'

मला म्हणायचं होतं, खोटं आहे. टिंब राहिलं.

काकांचा फोन त्या वेळी काकूंच्याच हातात होता. मुलाचं उत्तर येईल म्हणून धरून बसल्या होत्या. त्यांनी वर नवऱ्याचं 'खोट सांग' वाचलं आणि खाली माझं उत्तर. त्यांचं हसणं हीच खोट. फोन ठेवला, उठल्या आणि आत गेल्या.

मला यातलं काहीच माहीत नाही. दोन रविवार बेल वाजली नाही तेव्हा मला वाटलं, पाहुणे असतील. तिसऱ्या रविवारी काका आले ते वहीशिवाय. "ती आता हातसुद्धा देत नाही," म्हणाले. "चादर काढून टाकली खिडकीची. तू खरं तेच बोललीस बेटा, तुझी गलती नाही. पण जरा..."  त्यांनी फोन पुढे केला. मी ते वाक्य वाचलं आणि ओरडलेच. "अहो काका, वर टिंब आहे! मतलब होतं, म्हणजे असायला पाहिजे होतं!"  मी चपला न घालताच खाली पळाले.

काकू पलंगावर बसल्या होत्या, तोंडावर पदर. मला बघून म्हणाल्या, "ये. रागावले नाहीये मी. तू खरं सांगतेस म्हणून तर हे तुला विचारतात. खोट आहे, तर आहे."

"काकू, खोट नाही, खोटं! मला 'खोटं' लिहायचं होतं. टिंब राहिलं माझं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही त्या फोटोत खोटं खोटं हसलात. ओठ वाकडा आहे म्हणून नाही हो. ते हसूच तुमचं नव्हतं. मला राग आला त्याचा, म्हणून लिहिलं." आणि मी रडायला लागले. फटकळ माणसं रडायला लागली की थांबत नाहीत.

काकूंनी माझ्यामागोमाग आलेल्या काकांच्या हातातला फोन मागून घेतला. ते वाक्य पुन्हा वाचलं, एकेक अक्षर बोटाने दाबत, वही तपासावी तसं. "'काकूंच'. च वर टिंब नाही. 'हसण'. ण वर नाही. मग ट वरचं तरी हिने कुठून दिलं असतं?" त्यांनी फोन मांडीवर ठेवला. "तीस वर्षं वह्या तपासल्या मी. मला हे दिसायला नको? मनात जे भरलेलं होतं तेच वाचलं मी, दुसरं काय." मग एकदम आवाज चढला. पदर सुटला, हात वर गेला, "आणि तू! किती वेळा सांगितलं, टिंब दे, टिंब दे! घोडी झालीस तरी अनुस्वार कळत नाही!" 'टिंब' मधला 'ब' पार निसटला, आणि तो निसटलेला ऐकून काकू हसल्या. तोंडभर, वाकड्या, पूर्वीसारख्या.

काका दारात उभे होते. कॅमेरा सवयीप्रमाणे गळ्यात. मी डोळ्यांनी खुणा करतेय, उचला, उचला! हा माणूस हलेल तर शपथ.

नंतर जिन्यात मी त्यांना फैलावर घेतलं. "दोन वर्षं कशासाठी थांबलात? समोर होतं ना सगळं!" काका शांतपणे म्हणाले, "इतक्या दिवसांनी तिने तोंडावरचा पदर काढला होता. मी कॅमेरा वर केला असता तर तो पदर परत वर गेला असता. फोटो काय, होईल नाहीतर नाही होणार."

झाला. पुढच्या आठवड्यात काकूंनी स्वतःच खिडकीला चादर लावली आणि मला वरून बोलावून घेतलं. "हसणार नाही," त्या म्हणाल्या. ग्रुपवरच्या लोकांनी पूर्वी काकांना सल्ला दिला होता, "अच्छी वाली साइड से लो भिया." काका सरळ समोर बसले आणि फोकस धरला तो न मिटणाऱ्या डाव्या डोळ्यावर. एकेक फोटो काकू फोनवर बघत होत्या आणि परत पाठवत होत्या. हनुवटी कशाला उचललीत? हा उगाच गंभीर. या फोटोत मी तुमच्यावर चिडलेली दिसते, म्हणजे आहेच, पण दिसायला नको. रिजेक्टसाहेब मान खाली घालून ऐकत होते. त्यांचा एवढा माल आयुष्यात कोणी परत केला नसेल.

मग एका फोटोवर त्या थांबल्या. दोन बोटांनी मोठा केला. डोळा बघितला, ओठ बघितला, पुन्हा लहान केला. "हं. ही मी आहे," म्हणाल्या. "हा पाठवा पुण्याला."

काकांनी फोन माझ्याकडे दिला. "खोट सांग." मी शोधली, देवाशपथ शोधली. "काका, नाही सापडत." तर हे चिडले! "नीट बघ, असं कसं?" शेवटी मी म्हटलं, कानापाशी जरा अंधार आहे. त्यांनी समाधानाने वहीत लिहून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. दुपारचा चहा झाला, छातीत कळ आली, हॉस्पिटलला पोचेपर्यंत संपलं होतं. कॉलनीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. सांवेर रोडवरचे जुने कामगार आले होते, ग्रुपमधले फोटोवाले आले होते, हॉल भरला होता. मला धास्ती होती ती काकूंची. इतक्या लोकांसमोर त्या येतील का, आल्या तर कशा बसतील.

त्या आल्या. सगळ्यांची भाषणं झाल्यावर, कोणी सांगितलं नसताना, उठून माईकपाशी गेल्या. पदर खांद्यावर नीट लावलेला, चेहरा उघडा. बोलायला लागल्या आणि तिसऱ्या-चौथ्या शब्दालाच ओठ फसला. मागच्या रांगांत चुळबुळ झाली. कोणीतरी शेजारच्याला विचारलं, काय म्हणाल्या?

काकूंनी ते ऐकलं.  मला वाटलं, आता पदर तोंडावर जाणार. पण त्यांनी माईक बाजूला सारला आणि वर्गात म्हणायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "ज्यांना माझं बोलणं कळत नाही त्यांनी पुढे येऊन बसा. मी पुन्हा सांगते."

खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले. सगळा हॉल उठून पुढे येऊन बसला.