कवळीवाल्यांच्या दोन पेट्या

आमच्या समोरच्या घरात दोन शवपेट्या आल्या आहेत, एक कवळीवाल्यांनी स्वतःसाठी आणि दुसरी बायकोसाठी आगाऊ आणून ठेवली आहे, ही बातमी दुपारच्या चहापर्यंत आमच्या इमारतीच्या सगळ्या मजल्यांवर पोचली होती. वरच्या मजल्यावरच्या आजींनी तर "माणूस पहिल्यापासून टापटिपीचा, मागे कुणाला धावपळ नको म्हणून केलं असेल," असं प्रशस्तिपत्रकही देऊन टाकलं. बातमी खोटी होती. म्हणजे पेट्या होत्या, पण त्यांत माणूस ठेवत नाहीत. ते जुन्या काळचे, लाकडी, कमरेएवढ्या उंचीचे दोन लाउडस्पीकर होते. बातमी कुणी पसरवली हे विचारू नका. जिन्यासमोरची खिडकी माझी आहे, हातगाडीवर चादरीत गुंडाळलेल्या दोन लांबट वस्तू मला दिसल्या, आणि जे दिसतं ते एकट्यानेच बघून गप्प बसावं इतका मी स्वार्थी नाही.

कवळीवाले हे त्यांचं नाव नव्हे, काम. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात आणि हे त्यावरून कवळ्या बनवतात. मागच्या गल्लीत त्यांची एक लांबट खोली आहे. फळीवर ओळीने लोकांचे जबडे मांडलेले, टेबलावर गुलाबी मेण, स्पिरिटचा दिवा, नखाएवढ्या सुऱ्या, आणि सगळ्यावर प्लॅस्टरची पांढरी भुकटी. दिवसभर तिथे घासण्याचं यंत्र किंचाळत असतं. आमच्या इमारतीतलं निम्मं हसू त्याच खोलीतून आलेलं आहे. माझी वरची कवळीही त्यांच्याच हातची. ती बसवल्यापासून 'स' म्हणताना माझ्या तोंडून बारीकशी शिट्टी निघते, आणि ही त्यांच्या कामातली खोट आहे असं मी चारचौघांत सांगत असतो. त्यावर ते म्हणतात, "बोलणं कमी करा, शिट्टी आपोआप कमी होईल."

तर हा दिवसभर किंचाळ्या ऐकणारा माणूस स्पीकरच्या नादी कसा लागला, ते ऐका. उमेदवारी करत होते तेव्हा त्यांच्या मालकाच्या खोलीसमोर रेडिओ, रेकॉर्ड प्लेयर असल्या वस्तूंचं एक दुकान होतं. काचेचं दार, आत गालिचा, आणि गालिच्यावर ही जोडी. दुकानदार उगाच कुणाला आत घेत नसे. अंगावर प्लॅस्टर सांडलेल्या पोराला तर नाहीच. हे जेवणाच्या सुट्टीत डबा हातात धरून काचेबाहेर उभे राहायचे. आत एखादं खरं गिऱ्हाईक आलं की दुकानदार रेकॉर्ड लावायचा, आणि काचेतून जेवढं झिरपेल तेवढं हे ऐकायचे.

"काच थरथरायची हो," ते मला सांगत. "कपाळ टेकवलं की कपाळात वाजायचं."

मग लग्न झालं, मुलगी झाली, ती मोठी होऊन सासरी गेली, त्या दुकानाच्या जागी चपलांचं दुकान आलं. काच मात्र यांच्या कपाळाला चिकटून राहिली. आणि परवा एक म्हातारे दंतवैद्य दवाखाना बंद करत होते, त्यांचा शेवटचा साचा पोचवायला हे गेले, तर पेशंट बसतात त्या खोलीत, मासिकांच्या ढिगाखाली, तीच जोडी. डॉक्टर म्हणाले, घेऊन जा, मला वाटलं होतं ती टेबलं आहेत.

"पण तुम्ही ते आतून कधी ऐकलेच नाहीत," वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. वाचनालयात काम करतात, दिवसभर लोकांना गप्प बसवतात आणि संध्याकाळी उरलेला कोटा घरी आणतात. "काचेतूनच ऐकलेत. आता हॉलमध्ये मधोमध एक काच लावा, म्हणजे तोच आनंद मिळेल."

त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नवरा म्हणून तेवढा सराव त्यांना आहे.

जुन्या स्पीकरचं एक दुखणं असतं. आतल्या गोल पडद्याच्या कडेला स्पंजची पट्टी असते, ती वर्षानुवर्षांत कुजून तिचा भुगा होतो. मग गाणं लावलं की नुसता फरफर आवाज येतो. दुसऱ्या कुणी दुकान शोधलं असतं. हे म्हणाले, "मी माणसाच्या हिरडीचा उतार हाताने काढतो, एक पट्टी मला चिकटवता येणार नाही?" आणि रविवारी हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून बसले. पडदे बाहेर काढले, तारा सोडवल्या, त्यांच्या त्या नखाएवढ्या सुऱ्यांनी जुना डिंक खरवडला, नवी पट्टी अशी बसवली की जोड दिसू नये. तारा पुन्हा डाग देऊन जोडल्या. टॉर्च धरायला मी होतो. बोलायलाही मीच होतो. तळमजल्यावरच्या भाडेकरूंचं काय चाललंय याची सविस्तर हकिगत मी त्या दिवशी सांगितली, आणि मधूनमधून हातवारे करावे लागत असल्यामुळे टॉर्चही त्या हकिगतीबरोबर छतापर्यंत जाऊन येत होता.

मग त्यांनी हात धुतले, शर्ट बदलला. खरंच बदलला. रेकॉर्ड लावली आणि दोन पेट्यांच्या बरोबर समोर सोफ्यावर बसले. शेजारी मी.

गाणं सुरू झालं. आता मला गाण्यातलं काय कळतं हे आमच्या घरच्यांना विचारा. दाराची घंटा आणि फोन यांतला फरकही मला उठून जाऊन करावा लागतो. पण अशा वेळी गप्प कसं बसायचं? मी डोळे मिटले, मान एका बाजूला टाकली आणि म्हणालो, "वा. काय पसरलाय हो आवाज. बाई कुठे बसून गाते आहे तेच कळत नाही."

"नाही ना कळत," ते म्हणाले.

मला ते कौतुक वाटलं. पुढे रोज संध्याकाळी मी जाऊ लागलो. सोफ्याचा डावा कोपरा माझा ठरला. 'भव्य', 'अथांग', 'चहूबाजूंनी' असे शब्द मी वापरत असे. इमारतीत सांगत असे की अशी जोडी ऐकायला कान तयार लागतो. कवळीवाले मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. स्पीकर कधी भिंतीजवळ सरकवत, कधी पुढे घेत, कधी खाली विटा ठेवत. त्यांचा हात त्या लाकडावरून फिरायचा. डॉक्टरांच्या कुठल्याशा पेशंटने ठेवलेल्या कपाचा एक गोल डाग वर होता, तोही त्यांनी पुसला नव्हता. म्हणायचे, राहू दे, तोही जोडीबरोबरच आला.

अशात मुलीचा निरोप आला की ती तान्ह्या बाळाला घेऊन थोडे महिने इथे राहायला येतेय. पाळण्याला जागा हवी. हॉल केवढा, तर एक सोफा, एक कपाट आणि त्या दोन पेट्या. वहिनींनी मुद्दे काढून ठेवले होते, पदर खोचला होता, आणि संध्याकाळी ते घरी आल्या आल्या म्हणाल्या, "त्या पेट्यांचं काहीतरी करावं लागेल."

"विकून टाकतो," ते म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी वहिनी आमच्या दारात. "भाऊजी, ते भांडले नाहीत."

"मग बरंच झालं की."

"कसलं बरं? इतक्या वर्षांत न भांडता त्यांनी जुनी छत्रीसुद्धा टाकू दिलेली नाही. काहीतरी बिनसलंय. तुम्ही रोज शेजारी बसता, तुम्हाला काही बोलले?"

मी म्हणालो, काही नाही. आणि हे खरं होतं, कारण त्यांना बोलायला मी जागाच ठेवत नसे. पण त्या संध्याकाळी, माझ्या परीने मोठा त्याग करून, मी गप्प बसलो. रेकॉर्डची एक बाजू संपली तरी मी तोंड उघडलं नाही. तेव्हा ते म्हणाले,

"एक विचारू? तुम्हाला खरंच आवडतो का हो हा आवाज?"

"म्हणजे काय, भव्य..."

"मला नाही आवडत." ते पेट्यांकडे बघत होते. "पोकळ आहे. अंगच नाही त्याला. मी सगळं नीट केलंय, पुन्हा पुन्हा तपासलं. म्हणजे ते असेच होते. उमेदवारीतलं पोर होतो, पोटात भूक होती, काच थरथरली की वाटायचं जगात याहून मोठं काही नाही. आता आत येऊन बसलो तर हे निघालं. घरात ठेवून रोज ते बघत बसण्यापेक्षा गेलेले बरे."

मला काय बोलावं सुचलं नाही, आणि माझ्या बाबतीत असं होतं तेव्हा समोरच्यालाच धक्का बसतो. त्यांनी मला पाणी आणून दिलं.

गिऱ्हाईक शनिवारी सकाळी आलं. जुन्या वस्तूंनी कॅफे सजवून देण्याचा या गृहस्थांचा धंदा. पेट्यांभोवती एक फेरी मारली, बोटाने टकटक केलं.

"चालू आहेत," कवळीवाले म्हणाले आणि रेकॉर्ड लावली.

"चालू नसते तरी चाललं असतं," सजावटवाले म्हणाले. "वर कुंड्या ठेवायच्या आहेत. पाणी घातलं की हे आतलं काही राहत नाहीच."

कवळीवाल्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी सांगत नाही. स्वतःच्या हाताने बसवलेला दात कुणी चिमट्याने उपटावा, तसं काहीसं. पण शब्द दिला होता. ते म्हणाले, "न्या."

एक बाजू सजावटवाल्यांनी धरली, दुसरी मी. मला कुणी सांगितलं नव्हतं. डाव्या हाताची पेटी उचलली, दोन पावलं गेलो आणि माझ्या कमरेतून असा एक आवाज आला जो त्या हॉलमध्ये इतके दिवस कुठल्याच रेकॉर्डने काढला नव्हता. मी पेटी टेकवली आणि तिच्यावरच आडवा झालो. त्या ओढाताणीत तिची मागची तार निसटली.

गाणं चालूच होतं. आता ते फक्त उजव्या पेटीतून येत होतं. आणि ते भरून येत होतं. खालचा स्वर जमिनीतून चढून माझ्या पोटाखालच्या लाकडातही लागत होता.

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "आता काय लावलंत हे? बाई घरात आल्यासारखी वाटते."

कवळीवाले जागचे हलले नव्हते. "दोन असताना रिकामं," ते हळू म्हणाले, "आणि एक असताना भरलेलं. असं कसं?"

"एकाची सवय असते काहींना," मी आडव्यानेच म्हणालो. कुणी हसलं नाही.

त्यांनी तार पुन्हा जोडली. पोकळ. पुन्हा काढली. भरलेलं. मग त्यांनी रेकॉर्ड थांबवली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि त्यांच्या खोलीत एखादी परत आलेली कवळी हातात घेतात तसे डाव्या पेटीसमोर मांडी घालून बसले.

"वरचा जबडा चांगला असतो," ते स्वतःशीच बोलत होते. "खालचाही चांगला असतो. दोन्ही सुटे तपासा, खोट सापडत नाही. आणि माणूस येऊन सांगतो, जेवता येत नाही. का? तर चावा जुळत नाही. हा मिटतो तेव्हा तो उघडतो." त्यांनी पडदा सोडवला, आत डोकावले. "टॉर्च."

मी कमरेवर हात ठेवून टॉर्च घेतला.

"तुम्ही नको," ते म्हणाले. वहिनींनी धरला.

आतल्या दोन तारा त्यांनी त्या रविवारी उलट्या टोकांना डाग देऊन जोडल्या होत्या. लाल तिथे काळी, काळी तिथे लाल. बाहेरून सगळं बरोबर दिसत होतं, म्हणून बाहेरून तपासून काही हाती लागत नव्हतं. एक पडदा पुढे यायचा तेव्हा दुसरा मागे जायचा, आणि दोघं मिळून एकमेकांचं खाऊन टाकायचे. दुसऱ्या कुणाकडे दुरुस्तीला दिले असते तर बहुधा हे घडलं नसतं. आणि मी त्या दिवशी माझ्याच घरी बसलो असतो तर नक्कीच घडलं नसतं.

तारा बदलायला फार वेळ लागला नाही. सजावटवाले चहा पीत बसले होते. रेकॉर्ड पुन्हा सुरू झाली आणि बाई मधोमध येऊन उभी राहिली, दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये, कॅलेंडरच्या थोडी खाली. इतके दिवस घरभर भटकणारी बाई एकदम एका जागी. कपाटाची काच थरथरायला लागली.

कवळीवाले उठले, कपाटापाशी गेले आणि काचेला कपाळ टेकवून उभे राहिले. आमच्याकडे पाठ होती.  

"दादा," शेवटी वहिनी सजावटवाल्यांना म्हणाल्या, "कुंड्या सोफ्यावर ठेवता येतात का?"

"सोफा लागतोच की आम्हाला."

"मग तो न्या. पाळणा या दोघांच्या मध्ये बसेल." आणि काचेकडच्या पाठीला उद्देशून, "आवाज किती ठेवायचा ते मी ठरवणार. बाळ झोपलं की बंद."

पाठीने मान हलवली.

अशा रीतीने पेट्या राहिल्या आणि सोफा गेला, त्यातल्या माझ्या डाव्या कोपऱ्यासकट. आता मी जातो तेव्हा मला स्वयंपाकघरातलं स्टूल मिळतं, तेही पाळण्याच्या पलीकडे, जिथून फक्त उजवीच पेटी ऐकू येते. बाळ आलंय. गाणं लावलं की झोपतं, आणि मी 'भव्य' म्हणालो की उठतं.

तरी पण इमारतीला खरी गोष्ट कळायला हवी, म्हणून मी ती सांगितली. स्पीकरमध्ये काहीतरी गडबड आहे हे पहिल्याच दिवशी माझ्या कानाने हेरलं होतं, 'बाई कुठे बसून गाते ते कळत नाही' असं मी बोलूनही दाखवलं होतं, आणि शेवटी कमरेची पर्वा न करता मीच पेटी उचलून दोष उघडा पाडला. यातलं एकेक वाक्य सुटं घेतलं तर खोटं नाही.

काल जिन्यात वरच्या मजल्यावरच्या आजींनी कवळीवाल्यांना थांबवलं. मी एक पायरी मागेच होतो. आजींनी विचारलं, "काय हो, हे म्हणतात ते खरं का? तुमचे स्पीकर म्हणे यांनीच दुरुस्त केले?"

कवळीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं, आजींकडे पाहिलं आणि म्हणाले, "आजी, त्या तोंडातले दात तेवढे माझे आहेत. बाकी तिथून जे काही बाहेर पडतं, त्याची हमी मी देत नाही."